आजाऱ्याच्या उशाशी धर्मगुरू: केव्हा बोलवावे, कशासाठी बोलवावे

"फादरांना आताच बोलवू नका, बाबा घाबरतील." शेतकरी बंधुभगिनींनो, हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. आजार वाढत जातो, डॉक्टर बदलतात, सुरतेहून मुंबईला फेऱ्या होतात, फायली जाड होतात. शेवटी आजाऱ्याला घरघर लागली की कुणीतरी मोटारसायकलवरून धर्मग्रामाच्या कचेरीत धावत येतो. धर्मगुरू पोचतात तेव्हा आजारी बेशुद्ध असतो, किंवा घरातल्या बाया रडायला लागलेल्या असतात. ज्या माणसासाठी हा संस्कार आहे, त्यालाच त्यातले काही कळत नाही. हे का घडते आणि ते कसे टाळावे, यासाठी आजचा हा लेख आहे. आरोग्याच्या पानावर नेहमी आपण जुलाब, मधुमेह, फवारणीची काळजी यांवर वाचतो. हा विषयही आरोग्याचाच आहे.

जुन्या माणसांची भीती अगदीच निराधार नाही, हे आधी मान्य करू. कित्येक शतके या संस्काराचे लॅटिन नावच 'शेवटचे अभ्यंग' अशा अर्थाचे होते, आणि रीतही तशीच पडली होती. धर्मगुरू तेल घेऊन आले म्हणजे आशा संपली, असे लोक समजत. आपल्या आजी-आजोबांनी ते 'शेवटचे तेल' म्हणूनच पाहिले. परंतु द्वितीय व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट सांगितले की, या संस्काराला 'रुग्णाभ्यंग' म्हणणे अधिक योग्य आहे आणि तो केवळ मरणाच्या दारी पोचलेल्यांसाठी नाही. आजारपणामुळे किंवा म्हातारपणामुळे जिवाला धोका दिसू लागला, की त्याची वेळ आली. पुढे पोप सहावे पॉल यांनी ३० नोव्हेंबर १९७२ रोजी नवा विधी मंजूर केला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात अशा अवयवांना तेल लावत. आता कपाळाला आणि हातांना लावतात.

याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय उघडून पाहा. तिथे आजारी माणूस स्वतः मंडळीच्या वडिलांना बोलावतो. जो स्वतः बोलावू शकतो तो शुद्धीवर आहे, बोलतो आहे, प्रार्थनेला 'आमेन' म्हणू शकतो. पीक मान टाकू लागले की आपण पाटाचे पाणी सोडतो. वाळून काडी झाल्यावर सोडलेल्या पाण्याचा उपयोग काय? मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी हा संस्कार घेता येतो. वृद्धत्वाने फार अशक्त झालेल्यांना, ठरावीक आजार नसला तरी, देता येतो. आजारी बरा झाला आणि पुन्हा गंभीर आजारी पडला, किंवा त्याच आजारात प्रकृती अधिक बिघडली, तर पुन्हा घेता येतो. म्हणजे 'एकदा घेतला, आता संपले' असा हिशेब यात नाहीच. मात्र मृत्यू निश्चितपणे झाल्यावर हा संस्कार देत नाहीत. त्या वेळी धर्मगुरू मृतासाठी प्रार्थना करतात. कित्येक घरांत यावरून नाराजी होते, म्हणून हे आधीच माहीत असलेले बरे.

तेलाविषयी शेतकऱ्याला सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. १९७२ पूर्वी या संस्कारासाठी ऑलिव्हचेच तेल लागत असे. ते झाड आपल्याकडच्या शेतीतले नव्हे. जगातल्या अनेक बिशपांनी ही अडचण रोमला कळवली, तेव्हा पोप सहावे पॉल यांनी वनस्पतीपासून निघणारे दुसरे तेलही चालेल अशी मुभा दिली. म्हणजे आपल्या शेतातल्या तिळाचे किंवा भुईमुगाचे तेलही या पवित्र कामी येऊ शकते. एरवी बिशप पवित्र सप्ताहात तेल आशीर्वादित करून प्रत्येक धर्मग्रामाला देतात. पण निकडीच्या वेळी धर्मगुरू स्वतः तेल आशीर्वादित करू शकतात.

मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाचा खास संस्कार खरे तर दुसराच आहे, आणि तो म्हणजे ख्रिस्तशरीर. त्याला लॅटिनमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थ प्रवासाला बरोबर घ्यायची तरतूद असा होतो. आपल्या भाषेत त्याला एकच शब्द शोभतो: शिदोरी. आजाऱ्याला गिळता येत नसेल तर अगदी लहान कण देता येतो, तेही जमत नसेल तर चमच्याने ख्रिस्तरक्ताचा थेंब. आजाऱ्याला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी एक तास उपाशी राहण्याचा नियम लागू नाही. रात्रभर जागलेल्या सुनेने चहा घेतला म्हणून तिने मागे राहू नये.

आता 'चॅप्लेन' या शब्दाकडे वळू. मोठ्या ख्रिस्ती रुग्णालयांत, सैन्यात, तुरुंगांत नेमलेल्या धर्मसेवकाला चॅप्लेन म्हणतात. या शब्दाचे मूळ एका वस्त्रात आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाच्या सैनिकाने आमिएं गावाच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, अशी कथा आहे. त्या उरलेल्या झग्याची जपणूक करणाऱ्या धर्मगुरूंना त्या वस्त्रावरून जे नाव पडले, त्याचाच पुढे चॅप्लेन झाला. आपली घोंगडी अर्धी फाडून देणे, एवढा सोपा अर्थ धरला तरी पुरे.

रुग्णसेवेत या कामाचा खरा पाया घातला तो संत कामिल्लुस यांनी. जन्म १५५० चा, इटलीतला. तरुणपणी सैनिक आणि अट्टल जुगारी. जुगारात होते नव्हते ते घालवलेले. पायाला एक जखम झाली ती जन्मभर भरली नाही. त्या जखमेच्या उपचारासाठी रोमच्या इस्पितळात गेले, तिथली आजाऱ्यांची हेळसांड पाहिली आणि पुढे स्वतः धर्मगुरू होऊन रुग्णांची सेवा करणारा संघ काढला. अंगरख्यावर लाल क्रूस लावून त्यांचे सहकारी प्लेगच्या साथीतही रुग्णांना सोडून गेले नाहीत. कामिल्लुस १४ जुलै १६१४ रोजी वारले. दुखणे म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

साथीचा विषय निघाला म्हणून सांगतो. सुरतेला सप्टेंबर १९९४ सांगायला नको. प्लेगचे नाव कानावर पडताच काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले, रेल्वे स्थानकावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि बऱ्याच खासगी दवाखान्यांना कुलपे लागली. पळणाऱ्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही; पोरेबाळे घेऊन माणूस जीव वाचवणारच. पण जे मागे राहिले, त्या परिचारिका, सफाई कामगार, सरकारी डॉक्टर, त्यांची आठवण ठेवली पाहिजे. आपल्या महाराष्ट्राला याचे थोर उदाहरण सावित्रीबाई फुले यांनी घालून दिले. पुण्याच्या प्लेगमध्ये आजाऱ्यांना यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवताना त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढे २०२० च्या कोविडमध्ये तर धर्मगुरूंनाही कोविड वॉर्डांची दारे बंद झाली. घरचे माणूस काचेपलीकडून किंवा फोनवर दिसायचे. अनेक धर्मगुरूंनी फोनवरूनच आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, आणि रोमने २० मार्च २०२० रोजी कोविडच्या रुग्णांना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना विशेष पापदंडमाफी जाहीर केली. माणूस एकटा मरतो तेव्हा मागे राहिलेल्यांच्या मनात काय सलते, हे त्या दोन वर्षांत साऱ्या जगाने पाहिले.

वेदना एकाच जागी नसते. ही गोष्ट शास्त्रशुद्ध रीतीने मांडली ती इंग्लंडच्या डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि आजाऱ्यांच्या वेदना कमी करता याव्यात म्हणून पुढे डॉक्टर झाल्या. १९४८ मध्ये कर्करोगाने मरणाऱ्या डेव्हिड टास्मा नावाच्या एका पोलिश ज्यू निर्वासिताशी त्यांची मैत्री झाली. त्याने जाताना त्यांना पाचशे पौंड दिले आणि तुम्ही काढाल त्या घरात माझी एक खिडकी असू दे, अशा अर्थाचे काही सांगितले. त्या घराला उभे राहायला १९६७ साल उजाडले; ते लंडनचे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस. 'संपूर्ण वेदना' ही त्यांची कल्पना: शरीराची, मनाची, घरादाराची आणि आत्म्याची वेदना एकमेकींत गुंतलेली असते.

आपल्याकडचा ऊसवाला शेतकरी घ्या. हाडांत कर्करोग उतरला आहे. ती एक वेदना. सोसायटीचे कर्ज फिटलेले नाही, ऊस तोडणीला आला आहे आणि टोळी अजून आलेली नाही, ती दुसरी. धाकट्या मुलीचे लग्न राहिले. भावाशी बांधावरून दहा वर्षे बोलणे नाही. आणि रात्री दोन वाजता वॉर्डचे दिवे मंद झाले की प्रश्न येतो: मी असे कोणते पाप केले? डॉक्टरांची गोळी पहिल्या वेदनेवर चालते. उरलेल्यांसाठी घर, शेजार आणि धर्मगुरू लागतात. बांधावरचे भांडण मिटले की गोळीही अधिक लागू पडते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

चॅप्लेन नेमके काय करतो? सर्वांत आधी तो बसतो. उभ्या माणसाशी आजारी मोकळेपणाने बोलत नाही. त्याला वाटते हा निघण्याच्या घाईत आहे. मग तो ऐकतो. 'माझ्याच वाट्याला का?' या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले. तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडून कारणे सांगू लागले आणि सगळे बिघडले. आजारपण म्हणजे पापाची शिक्षा, असे म्हणणाऱ्यांनी योहानाचा नववा अध्याय वाचावा. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी तोच प्रश्न केला तेव्हा प्रभूने त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या पापाचे कारण साफ नाकारले. तरीही आपल्यातले काही जण आजाऱ्याच्या खाटेशी उभे राहून त्याला त्याची पापे मोजून दाखवतात. आजाऱ्याला पापनिवेदन करायचे असेल तर तो ते एकांतात, स्वतःच्या इच्छेने करील. इतरांनी वकिली करू नये.

याच ओघात दुसरी एक गोष्ट. प्रार्थना झाली, आता गोळ्या बंद करा, असे सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहा. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होतात; इन्शुलिन सोडले की मधुमेही काही दिवसांत बेशुद्ध पडू शकतो. वैद्यही देवाचाच आहे, असे बेनसिरा या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायाचे सांगणे आहे.

रुग्णालयात सर्व धर्मांचे लोक असतात. चॅप्लेन शेजारच्या खाटेवरच्या हिंदू आजीची विचारपूस करतो, मुसलमान तरुणाच्या बापाला चहा आणून देतो. कुणी प्रार्थना मागितली तर करतो, न मागितली तर करत नाही. आजारी माणूस हतबल असतो, आणि त्याच्या हतबलतेचा फायदा घेऊन त्याच्या श्रद्धेला हात घालणे हे पाप आहे. गुजरातमध्ये धर्मांतराविषयी २००३ चा कायदा आहे. तो नसता तरी हा नियम तसाच राहिला असता.

आपल्या देशात या सेवेचे पहिले घर मुंबईत उभे राहिले. टाटा रुग्णालयाचे कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन सुरू केले. ज्यांच्यावर आता रोग बरा करणारा उपचार उरलेला नाही, अशा कर्करोग्यांना तिथे विनामूल्य ठेवून घेतात. जात-धर्म विचारत नाहीत. पुढे गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही त्यांची सदने झाली. सुरतेहून फ्लाइंग राणीने टाटाला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे नाव लक्षात ठेवावे. केरळात १९९३ मध्ये कोळिकोड येथे डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमन करण्याचे काम सुरू केले. तिथे आज शेजारीपाजारीच स्वयंसेवक असतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००२ मध्ये या सेवेची व्याख्या करताना शरीर आणि मन यांबरोबर आत्मिक गरजांचा स्पष्ट उल्लेख केला.

वेदनाशमन म्हटले की मॉर्फिनचा विषय येतो आणि आपल्यातले भाविक लोक बिचकतात. काहींना वाटते, प्रभूने क्रूसावर वेदना सोसल्या, मग आपणही सोसाव्यात. स्वेच्छेने सोसणाऱ्याचा मान राखू. पण ते दुसऱ्यावर लादता येत नाही. पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी डॉक्टरांना दिलेल्या उत्तरात हे निःसंदिग्ध केले आहे की वेदना शमवण्यासाठी अशी औषधे घेण्यास हरकत नाही. हेतू वेदना कमी करण्याचा असेल, दुसरा उपाय नसेल, तर त्यामुळे आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली तरीही. योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन दिल्याने कर्करोगी व्यसनी होत नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होते, म्हणून सोबत रेचक द्यावे लागते. ते डॉक्टरांना विचारून घ्या. शेतकऱ्याला खटकेल अशी गोष्ट ही की, मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात आपलेच शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात आणि ती परदेशी जाते. पण १९८५ च्या कडक कायद्यामुळे आपल्या देशातल्या रुग्णांनाच मॉर्फिन मिळेनासे झाले होते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तरी जवळच्या दवाखान्यात ते मिळेलच असे नाही, म्हणून मोठ्या कर्करोग रुग्णालयात विचारावे.

आता जमिनीविषयी. बाप अतिदक्षता विभागात आहे, डॉक्टर म्हणतात फारसा उपयोग नाही, आणि मुलगा अर्धा एकर विकायला निघतो. न विकले तर लोक काय म्हणतील, देव काय म्हणेल! ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत शेतकऱ्याच्या बाजूची आहे. २४ नोव्हेंबर १९५७ च्या भाषणात त्याच पोपनी सांगितले की माणसाला जीव जपण्यासाठी साधारण उपायच बंधनकारक आहेत. स्वतःवर किंवा इतरांवर भारी ओझे टाकणारे उपाय बंधनकारक नाहीत. आशा उरलेली नसताना यंत्रे थांबवणे म्हणजे खून नव्हे. मरण जवळ यावे म्हणून मुद्दाम औषध देणे मात्र निषिद्ध आहे. पाणी, अन्न, स्वच्छता, कूस बदलणे आणि जवळ बसणे हे कधीच थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ९ मार्च २०१८ च्या निकालाने, असे उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याची मुभा दिली, आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता तो कागद नोटरीसमोर करता येतो. हा निर्णय रात्री रुग्णालयाच्या जिन्यात रडत रडत घेण्यापेक्षा म्हातारा बोलता असताना ओसरीवर बसून घ्यावा. धर्मगुरूंना त्या बैठकीला बोलवा.

एक दुःखाचा विषय टाळता येणार नाही. आपल्या भागातल्या वॉर्डांत शेतीचे औषध प्यालेला माणूस येतो. नातेवाईक लाजेने मान खाली घालतात, आणि धर्मगुरूंना कळवतही नाहीत. कळवा. त्याला सर्वांत जास्त गरज असते. त्याच्यापुढे प्रवचन करायचे नसते. 'तू आहेस हे बरे झाले' एवढे पुरे. १९८३ च्या धर्मसंहितेत, आत्महत्या केलेल्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याचा जुना नियम ठेवलेला नाही. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखाली असलेला मानतो. घरात कुणी निराश बोलत असेल तर औषधाचे डबे कुलपात ठेवा, आणि १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.

धर्मगुरू एकटा पुरत नाही. अभ्यंग फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. पण ख्रिस्तशरीर नेण्यासाठी नेमलेले सेवक आहेत, आणि बाकीची सेवा तर कुणीही करू शकतो. आजाऱ्याच्या भेंडीला पाणी द्या, त्याची म्हैस दोहून दुधाचा हिशेब वहीत लिहून त्याला दाखवा. खाटेवर पडलेल्या शेतकऱ्याला त्याने शांत झोप लागते. डझनभर लोकांनी एकदम भेटायला जाऊन केळी ठेवून येण्यापेक्षा हे बरे.

धर्मगुरू घरी येणार असतील तेव्हा आजाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे तो दचकणार नाही. खाटेजवळ लहान टेबलावर पांढरे कापड, क्रूस, मेणबत्ती, एक पेलाभर पाणी आणि चमचा ठेवावा. दूरदर्शन संच बंद करावा. पापनिवेदनाच्या वेळी सर्वांनी बाहेर जावे, कुत्र्यालाही. आजारी रुग्णालयात असेल तर कचेरीत वॉर्डचे नाव, खाटेचा क्रमांक आणि भेटीची वेळ लिहून द्यावी. नुसते 'सिव्हिलमध्ये आहेत' एवढ्यावर माणूस सापडत नाही. आणि वॉर्डमध्ये मेणबत्ती नेऊ नये. तिथे ऑक्सिजन चालू असतो.